इतिवृत्तातील गाळलेल्या जागा

कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरला गेलेला मराठी माणूस महालिंगस्वामींचे दर्शन घेतो आणि मग त्यास अमरसिंह राजांची आठवण होते. 1798 मध्ये तंजावरची गादी गमावल्यावर हे भोसले येथे येऊन राहिले. त्या घराण्याच्या कारभाराचे मोडी कागद तंजावरच्या सरस्वती महालात आजही जपलेले आहेत. त्यांविषयी आपण अभिमानाने बोलतो. परंतु रयतेचे गाऱ्हाणे तमिळ होते आणि मोडी दप्तरात उतरले ते मराठी होऊन, ही गोष्ट सहसा बोलली जात नाही. सांगणाराची भाषा एक आणि लिहून घेणाराची दुसरी, ही रीत आजही मोडलेली नाही. परमुलखात लेखणी धरणाऱ्या आमच्या वाचकांनी याच रीतीतून निपजलेल्या एका वाङ्मयप्रकाराकडे टीकाकाराच्या दृष्टीने पाहावे, असे आम्हांस वाटते. तो प्रकार म्हणजे जनसुनावणीचे इतिवृत्त.

2006 च्या पर्यावरण अधिसूचनेने या प्रकाराचे व्याकरण ठरवून दिले. निदान तीस दिवसांची सूचना. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्याहून कमी दर्जाचा नसलेला प्रतिनिधी. अखेरीस सारांश लोकभाषेत वाचून दाखविणे. आणि लोकांचे मुद्दे व प्रकल्पचालकाचे त्यांवरील अभिप्राय यांचे टिपण. गणपूर्तीची अट नाही. हे नियम वाईट आहेत असे नव्हे. पण अणुप्रकल्पाचे इतिवृत्त वाचू लागले की रचनेतील दोष लगेच दिसतो. जो ऐकतो तो ठरवीत नाही, आणि ठरविणारे दिल्लीत असतात. मुद्दा ग्राह्य ठरला की अग्राह्य, आणि का, हे गावाला परत सांगणारा भाग त्या टिपणात नाही.

तिरुविडैमरुदूर तालुक्यातील कदिरामंगलम गावाने 2017 मध्ये तेलवाहिनी फुटल्यावर मोठे आंदोलन केले. जानेवारी 2020 मध्ये केंद्र सरकारने तेल व वायूच्या शोधविहिरींना सुनावणीतूनच सूट दिली; पुढच्याच महिन्यात तमिळनाडूच्या विधानसभेने कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरविणारा कायदा केला. सुनावणीचे दार बंद झाले की लोक दुसरे दार ठोठावतात, याचे हे प्रत्यंतर होय.

याच राज्याच्या दक्षिण टोकाला कूडंकुळम आहे. राजीव गांधी आणि गोर्बाचेव यांच्या काळात, 1988 मध्ये, त्याचा करार झाला. 1989 मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. जनसुनावणीचा नियम त्यानंतरचा. त्यामुळे पहिल्या दोन अणुभट्ट्यांसाठी सुनावणी झालीच नाही. फुकुशिमाच्या अपघातानंतर, 2011 मध्ये, इडिंतकरैची कोळी कुटुंबे उपोषणास बसली. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये प्रकल्पास अनुमती देताना पंधरा निर्देश दिले. आंदोलकांवरील फौजदारी खटले मागे घेण्याचा प्रयत्न व्हावा, हा त्यांतील एक. कायद्याने सारे सुसंगत झाले. ज्यांना कोणी विचारलेच नव्हते, त्यांना मात्र आधी आरोपी व्हावे लागले.

येथे भाषेचा दुरावा होता म्हणावे, तर कोकणात काय झाले ते पाहावे. जैतापूर प्रकल्पाची सुनावणी 16 मे 2010 रोजी माडबनला झाली. सांगणारे मराठी, लिहून घेणारेही मराठी. तरीही अहवालाची मराठी प्रत वेळेवर मिळाली नाही, अशी ग्रामस्थांची तक्रार होती. जमिनीला ‘पडीक’ म्हटले गेले. कोकणातला सडा परक्याला उजाड दिसतो. त्याच कातळात सुरुंग लावून, माती भरून आंब्याची कलमे जगविली जातात आणि त्याच्या गवतावर गुरे पोसतात. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अभ्यासानेही या वर्गीकरणावर बोट ठेवले. नाट्याच्या मच्छिमारांची अडचण तर शब्दाच्याही पलीकडची. समुद्राचा सातबारा नसतो. ज्याची जमीन गेली नाही तो प्रकल्पग्रस्त कसा, हे कागदाला उमगत नाही. नोव्हेंबर 2010 मध्ये पस्तीस अटींसह मंजुरी आली. एप्रिल 2011 मध्ये नाटे येथे पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस मेला.

यावर अनुभवी अधिकारी म्हणतील की गावाला विचारत बसलो तर वीज कधीच होणार नाही. आक्षेप गंभीर आहे. सगळीच भीती शास्त्राच्या कसोटीला उतरते असेही नाही. पण फिनलंडच्या 1987 च्या कायद्याने स्थानिक नगरपालिकेच्या संमतीवाचून अणुकेंद्र उभारता येत नाही. तेथील एउरायोकी या छोट्या पालिकेने 2000 मध्ये अणुकचरा खडकात खोल पुरण्यासही होकार दिला. जैतापूरसाठी योजलेल्या जातीचीच अणुभट्टी तिच्या हद्दीत 2023 पासून नियमित वीज देत आहे. नाही म्हणण्याचा अधिकार असल्यामुळेच त्या होकाराला वजन आले.

कायदा बदलणे आमच्या वाचकांच्या हाती नाही. इतिवृत्त मात्र आहे. उद्या त्यांच्यापैकी कोणी परक्या किनाऱ्यावर अध्यक्षस्थानी बसेल. कोळीण तिच्या भाषेत समुद्राचे काही सांगेल आणि दुभाषा ‘उपजीविकेविषयी चिंता व्यक्त केली’ असे एक वाक्य पुढे करील. ते वाक्य व्याकरणशुद्ध असेल. तेवढ्यावर सही करू नये. तिने कोणत्या महिन्यात, कोणत्या खाडीच्या मुखाशी, कोणते मासे मिळतात असे सांगितले, ते तिच्या शब्दांत लिहून घ्यावे आणि प्रकल्पचालकाकडून तेवढ्याच नेमकेपणाने उत्तर मागावे. असे इतिवृत्त निर्णय फिरवील असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते बाजूला सारणाऱ्याला कारण लिहावे लागेल.