फ्लॉकची एक ओळ

शेल स्क्रिप्ट एका वेळी एकदाच चालावी म्हणून लिहितात ती ओळ आपण आधी नीट न्याहाळू: ‘फ्लॉक’ ही कुलूप लावणारी आज्ञा, त्यामागे इवलासा ‘एन’, मग एका रिकाम्या फाईलचा पत्ता आणि शेवटी आपली स्क्रिप्ट. ‘एन’ नसता तर दुसरी फेरी दाराशी ताटकळली असती. तो आहे म्हणून कुलूप पहिलीच्या हाती दिसताच ती मुकाट परत फिरते.

समजा, असोद्यातल्या एखाद्या दुकानातला जुना संगणक दर पाच मिनिटांनी बिलं जळगावच्या सर्व्हरवर धाडतो. ठरल्या वेळी स्क्रिप्ट सुरू करणारा क्रॉन वेळेचा पक्का, पण आधीची फेरी आटोपली का, हे तो कधी विचारत नाही. नेट मंदावलं की पहिली फेरी रेंगाळते, दुसरी तिच्या पाठोपाठ येऊन थडकते आणि तेच बिल दोनदा जातं. यावर चटकन सुचतं ते असं: खुणेची फाईल आहे का पाहावं, नसेल तर करावी. दिसायला किती सरळ! पण पाहणं आणि करणं यांच्यामध्ये निमिषमात्र पोकळी असते, आणि तेवढ्यात दोघीही निर्धास्त आत शिरू शकतात. ‘एमकेडिर’नं फोल्डर करू पाहणाऱ्यांनी ती पोकळी मोठ्या खुबीनं बुजवली, दोघींनी एकाच क्षणी हात घातला तरी फोल्डर एकीलाच साधतो. मात्र वीज गेली, आणि खानदेशात ती जातेच, की स्क्रिप्ट मरते, फोल्डर डिस्कवर उरतो आणि पुढची प्रत्येक फेरी त्या मेलेल्या धन्याचा मान राखत माघारी जाते.

फ्लॉकची खरी गोडी इथे आहे. त्याची फाईल म्हणजे निव्वळ खुंटी. कुलूप राहतं कर्नलच्या, म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या, स्मृतीत, उघडलेल्या फाईलशी बांधलेलं. स्क्रिप्ट सुखानं संपो, कोसळो की कुणी ‘किल’ करो, तिच्या हातातली फाईल कर्नल मिटतो आणि कुलूप आपोआप सुटतं. तुलनेला रेल्वे घ्या: जळगावहून सुरतेकडे जाणारा ताप्तीकाठचा लोहमार्ग काही वर्षांपूर्वीपर्यंत एकेरी होता. अशा मार्गांवर चालकाच्या हाती टोकनचा पोलादी गोळा देण्याची पद्धत आठवावी: तो यंत्रात परत पडेपर्यंत दोन्ही स्थानकांच्या यंत्रांतून दुसरा गोळा निघत नाही. पण तो गोळा हरवला तर माणसांना धावपळ. फ्लॉकचा गोळा धन्याबरोबरच विरतो. १९८३ च्या ४.२ बीएसडीतली ही युक्ती आजही तितकीच ताजी वाटते.

खुंटी मात्र उपटू नये. फाईल पुसली आणि त्याच नावाची नवी झाली, की एकाच नावामागे दोन कुलपं नांदू लागतात. स्क्रिप्टनं पार्श्वभूमीत सोडलेली एखादी प्रक्रियाही ती उघडी फाईल वारशानं घेऊन बसते. मग स्क्रिप्ट संपूनही कुलूप सुटत नाही, आणि आपण उगाच फ्लॉकला दोष देतो. शिवाय फ्लॉक बांधतो ते त्याला विचारणाऱ्यांनाच. दुकानदारानं तीच स्क्रिप्ट हातानं सुरू केली तर क्रॉनच्या ओळीतलं कुलूप तिच्या गावीही नसतं. म्हणून मला हे कुलूप स्क्रिप्टच्याच माथ्यावर लावलेलं अधिक आवडतं.