खपाची साक्ष

ज्या व्हिडिओ गेमचा खप मोठा तो गुणानेंहि मोठा, हें मत आम्हांस मान्य नाहीं. खेळ विकत घेतला जातो तो बहुधा खेळून पाहण्यापूर्वीं. म्हणून खप अपेक्षेची साक्ष देतो, अनुभवाची नव्हे. अटारी कंपनीनें चित्रपटाच्या लौकिकावर १९८२ च्या नाताळास 'ई. टी.' काढला. सुमारें पांच आठवड्यांत उरकलेल्या या खेळाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढील वर्षीं उरलेल्यांपैकीं कित्येक न्यू मेक्सिकोच्या वाळवंटांत पुरण्यांत आल्या. उलट, जपानांतील 'ओकामी' (२००६) पाहा. कुंचल्याच्या एका फटकाऱ्यानें वठलेलें झाड फुलवावें, रात्रीचा दिवस करावा, अशी त्यांतील रम्य योजना. रसिकांनीं वाखाणणी केली, गिऱ्हाईक मात्र थोडें मिळालें; आणि तो घडविणारा क्लोव्हर स्टुडिओ २००७ मध्यें बंद झाला. खपलेला खेळ वाईटच, असें अर्थातच नाहीं. 'टेट्रिस' उदंड खपला आणि तो उत्तमहि आहे. तात्पर्य, बाजार कृतीची योग्यता ठरवीत नाहीं, परंतु कर्त्याची पुढील कृति निघेल कीं नाहीं हें ठरवितो. म्हणूनच टीकाकारानें खपाच्या आंकड्यांची वाट न पाहतां वेळींच बोललें पाहिजे. 'ओकामी'च्या पुढील भागाची घोषणा झाली ती २०२४ सालीं!