मधला बाण कोण काढतो?

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या निळ्या पडलेल्या कुत्र्यांची छायाचित्रे देशभर फिरली. प्राणिमित्रांनी तक्रार केली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद करायला लावला. संज्ञापनाच्या संशोधकाला यात लगेच तीन चौकोन दिसतात : बातमी, चिंता, कृती. मधली चिंता हा 'मध्यस्थ चल'. बॅरन आणि केनी यांच्या १९८६ च्या लेखाने ही मांडणी रूढ केली, अँड्र्यू हेज यांच्या 'प्रोसेस'ने ती संगणकावर सोपी केली. फार सोपी केली, असे माझे मत आहे.

समजा, तळोजा परिसरात प्रश्नावली फिरवली. बातम्या किती पाहता, काळजी किती वाटते, तक्रार केलीत का? तिन्ही उत्तरे एकाच माणसाची, एकाच दिवशीची. 'प्रोसेस' अप्रत्यक्ष परिणामाचा आकडा काढून देईल. आता बाण उलटे करा : तक्रार केलेला माणूस जास्त काळजीत पडतो आणि मग बातम्या शोधत बसतो. याही मांडणीला आकडा तितक्याच दिमाखात मिळतो. कोणता बाण खरा, हे आकडा सांगत नाही. ते सिद्धान्ताने आधीच सांगायचे असते.

शिवाय कासाडी नदीवरच्या मच्छीमारांचे काय? प्रदूषणाविषयीच्या त्यांच्या तक्रारी कुत्री निळी होण्याच्या आधीच्या आहेत. रिकामे जाळे माणसाला काळजीतही टाकते आणि तक्रारीलाही लावते. प्रश्नावलीत जाळ्याचा प्रश्नच नसेल, तर त्याचे श्रेय परस्पर 'चिंते'च्या खात्यात जमा होते. बातमी चिठ्ठ्या टाकून वाटली, म्हणजे रीतसर प्रयोग केला, तरी चिंता काही चिठ्ठ्यांनी वाटलेली नसते.

याहून शहाणी वाट आपल्याकडेच १९५६ मध्ये चोखाळली गेली. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या गावांत शेतकऱ्यांचे श्रोतागट उभे केले. दहा आठवडे, वीस कार्यक्रम. ऐकायचे आणि मग बसून चर्चा करायची. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल नॉयराथ यांनी मूल्यमापन केले. श्रोतागटाची गावे, रेडिओ असूनही गट नसलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे त्यांनी शेजारी ठेवून पाहिली. माहितीतली वाढ गटाच्या गावांत ठळक होती, नुसत्या रेडिओच्या गावांत किरकोळ. इथे मधला दुवा नुसता मोजलेला नव्हता, तो काही गावांत मुद्दाम घडवला होता आणि काहींत नव्हता.

अर्थात, गटाबरोबर संघटकांच्या भेटी आल्या, बाहेरच्यांचे लक्ष आले. 'चर्चा' या एका शब्दाखाली हे सगळे दडते. पण निदान ही शंका गावात जाऊन तपासता येण्याजोगी आहे.

तळोज्यात अभ्यास करायचा तर काळजीची पाच गुणांची पट्टी काढण्याआधी तक्रार कोण लिहितो, कोणाच्या ओळखीने ती पुढे सरकते, हे पाहावे लागेल. मच्छीमारांच्या जुन्या तक्रारींनी जी खळबळ उडाली नाही ती कुत्र्यांच्या छायाचित्राने का उडवली, हा प्रश्न त्या तीन चौकोनांत कुठेच बसत नाही.