पेंगणारा कॅशियर

संगणकालाही झोप लागते हे कळलं, तेव्हा माझ्यातल्या बँकेच्या कारकुनाला त्याच्याविषयी एकदम आपुलकी वाटली. पण झोपेचे नियम वाचले आणि ती ओसरली.

इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ साली ‘एसीपीआय’ नावाची नियमावली काढली. तीत झोपेच्या पायऱ्या आहेत. ‘एस-३’ म्हणजे साधी झोप : पंखा थांबतो, डिस्क थांबते, फक्त रॅमला चिमूटभर वीज मिळत राहते. ‘एस-४’ म्हणजे हायबरनेट : रॅममधला सारा मजकूर डिस्कवर उतरवून मगच निजायचं. काटकसर म्हणून दोन्ही झकास!

माझी तक्रार आहे ती किल्ल्यांबद्दल. डिस्कला कुलूप घातलं, तरी साध्या झोपेत त्याची किल्ली सहसा रॅममध्येच पडून असते. म्हणजे तिजोरी बंद, आणि जुडगा मांडीवर घेऊन कॅशियर पेंगतोय! २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी रॅम गारठवली आणि वीज तोडल्यावरही तीतून किल्ली वाचून दाखवली.

‘स्लीप’च्या बटणाशेजारी एवढं एक वाक्य लिहायला काय हरकत होती? वीज वाचवायची तर खुशाल झोपवा. किल्लीही वाचवायची तर हायबरनेट करा, आणि उठताना टीपीएम चिपच्या जोडीला पिनही मागायला लावा. एका कुलपाला दोन किल्ल्या! आमची तिजोरी हेच करत आली. पण तिला बिचारीला कुणी ‘२.०’ म्हटलं नाही.