पर्यायी केंद्र आणि निर्णयाचा प्रश्न : राष्ट्रीय शेअर बाजारातील खंडाची चिकित्सा

सारांश : संगणक प्रणालींच्या आपत्ती-पुनर्प्राप्तीची चर्चा बहुधा यंत्रसामग्रीपुरती मर्यादित राहते. राष्ट्रीय शेअर बाजाराचे कामकाज २४ फेब्रुवारी २०२१ रोजी खंडित झाले. त्या प्रसंगाच्या आधारे प्रस्तुत लेखात या चर्चेची मर्यादा स्पष्ट केली आहे.

बीजसंज्ञा : सर्व्हर-समूह, फेलओव्हर, पर्यायी केंद्र, निर्णयाधिकार.

प्रस्तावना

एक सर्व्हर-समूह निकामी झाल्यास त्यावरील प्रणाली दुसऱ्या समूहावर चालू करण्याच्या क्रियेस फेलओव्हर म्हणतात. भंडारा जिल्ह्यातील वाचकास हा विषय दूरचा वाटण्याची शक्यता आहे. तथापि येथील शेतकऱ्याची धान खरेदीसाठीची नोंदणी आणि विद्यार्थ्याचा परीक्षा अर्ज, दोन्ही आज ऑनलाइन प्रणालींवर अवलंबून आहेत. सर्व्हर दूरच्या शहरात बंद पडतो. ताटकळत बसावे लागते ते येथील माणसाला.

घटनेचे स्वरूप

त्या दिवशी सकाळी ११.४० वाजता मुंबईस्थित राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार थांबले व दुपारी ३.४५ वाजता पुन्हा सुरू झाले. बाजाराच्या स्पष्टीकरणानुसार दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत बिघाड झाला आणि प्राथमिक केंद्रातील सामायिक साठवण यंत्रणा अनपेक्षितपणे सर्व्हरना अनुपलब्ध झाली. परिणामी जोखीम व्यवस्थापनाची प्रणाली बंद पडली. खरेदी-विक्रीची प्रणाली चालू होती. परंतु जोखमीवर देखरेख नसताना व्यवहार होऊ देणे धोक्याचे होते. चेन्नई येथे पर्यायी केंद्र असूनही कामकाज तेथे हलविण्यात आले नाही.

चिकित्सा

पहिला मुद्दा स्वतंत्रतेचा आहे. दोन कंपन्यांकडून जोडण्या घेतल्याने दोन स्वतंत्र मार्ग मिळतातच असे नाही. ऑगस्ट २०२० मधील वैनगंगेच्या महापुराचा अनुभव घेतलेल्या वाचकास हे सहज पटेल. भंडारा शहरातील नदीकाठच्या कार्यालयाची माहिती पवनीच्या नदीकाठी जपून ठेवली, तर जागा दोन होतात. पूर मात्र एकच असतो.

दुसरा मुद्दा अंशतः बिघाडाचा आहे. संपूर्ण केंद्र जळाले किंवा बुडाले, तर निर्णय सोपा असतो. अर्धी प्रणाली चालू असताना तो अवघड होतो. दूरच्या केंद्रातील प्रत मूळ नोंदींपेक्षा काही क्षण मागे असू शकते. त्यामुळे स्थलांतर केल्यास शेवटच्या व्यवहारांचा ताळमेळ घालावा लागतो. शिवाय दोन्ही केंद्रे एकाच वेळी स्वतःला मुख्य समजू लागल्यास नोंदींत विसंगती निर्माण होते. म्हणूनच हे काम सर्वस्वी यंत्रावर सोपविता येत नाही आणि जबाबदार व्यक्तीचा संकोचही समजण्यासारखा असतो. परंतु त्या संकोचाची किंमत इतरांना मोजावी लागते. बाजार केव्हा उघडेल हे ठाऊक नसल्याने त्या दिवशी अनेक दलालांनी ग्राहकांचे व्यवहार मुंबई शेअर बाजारात मिटविले.

तिसरा मुद्दा नियमनाचा आहे. सेबीने २२ मार्च २०२१ च्या परिपत्रकाद्वारे ३० मिनिटांत आपत्ती घोषित करण्याचे व घोषणेपासून ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करण्याचे बंधन घातले. पूर्वीची मर्यादा ४ तासांची होती. निर्णयालाच कालमर्यादा घातली, हे या परिपत्रकाचे खरे महत्त्व होय. मात्र तालमींबाबत प्रश्न उरतो. २ मार्च आणि १८ मे २०२४ या शनिवारी पर्यायी केंद्रावरून विशेष सत्रे घेण्यात आली, ती पूर्वघोषित होती. अशा सत्रांतून मार्गाची परीक्षा होते. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्याची तयारी तपासली जात नाही.

निष्कर्ष

पर्यायी केंद्राची उभारणी ही आपत्ती-पुनर्प्राप्तीची पूर्वअट आहे, पूर्तता नव्हे. कोणत्या लक्षणांवर स्थलांतर करावयाचे, त्याचा अधिकार कोणाचा, ती व्यक्ती अनुपलब्ध असल्यास कोणाचा आणि मूळ केंद्रावर कसे परतावयाचे, हे लेखी ठरलेले असावे. कामकाजाची वेळ वगळून काही तालमी अघोषितही घ्याव्यात. महाविद्यालयांनीही ऑनलाइन सेवा स्वीकारताना पुरवठादारास केवळ ‘दुसरी प्रत आहे काय’ एवढेच विचारून थांबू नये. त्या प्रतीवरून काम शेवटचे केव्हा चालविले आणि तसे करण्याचा आदेश कोणी दिला, हेही विचारावे. या प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील, तर परीक्षा अर्जाच्या अखेरच्या दिवशी विद्यार्थ्याला देण्यासारखे उत्तर आपल्याकडेही नसेल.