‘सपाट’ या शब्दाविषयी

समीक्षकांना ‘सपाट’ हा शब्द मोठा सोयीचा वाटतो. माझ्या पहिल्या कादंबरीवर तो पडला, तेव्हा मी निमूटपणे मान खाली घातली होती. पण गतवर्षी हाच शब्द अखिल विश्वाच्या माथी बसलेला पाहिला. एका लेखात ‘आपले विश्व सपाट आहे’ एवढेच विधान होते, खुलासा नव्हता. मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी मास्तर. ते वर्गात वाचले आणि फळ्यावर चटई काढून दाखवली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “गुर्जी, मंग त्याच्या खाली काय हाय?”

मी निरुत्तर झालो. चूक माझी होती, आणि खुलाशावाचून शब्द वापरणाऱ्या लेखकाचीही.

विश्व सपाट म्हणजे चटईसारखे पातळ नव्हे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही असूनही ते सपाट असू शकते. अर्थ इतकाच की शाळेतली युक्लिडची भूमिती तेथे खरी ठरते. अब्जावधी प्रकाशवर्षे लांब बाजूंच्या त्रिकोणाचे कोन मिळून 180 अंशच भरतात. समांतर सुटलेले किरण समांतरच राहतात. पृथ्वीच्या पाठीवर असे होत नाही. उत्तर ध्रुव आणि विषुववृत्तावरील दोन बिंदू घेऊन तिन्ही कोन काटकोन असलेला त्रिकोण काढता येतो.

आम्हा जवळा बाजारकरांना याचा दाखला घरचाच आहे. आमच्या औंढा नागनाथ तालुक्यात ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा व्हायची आहे; केंद्र सरकारने 2023 साली तिला मंजुरी दिली. तिचे काम गुरुत्वीय लहरी टिपण्याचे, विश्वाची वक्रता मोजण्याचे नव्हे. पण तिच्या दोन भुजा 4-4 किलोमीटर लांब, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीचा पृष्ठभाग सरळ रेषेपासून सुमारे सव्वा मीटर खाली जातो. डोळ्यांना सपाट दिसणारा माळ मोजल्यावर वाकलेला निघतो!

विश्वाचेही मोजूनच ठरले. ते सुमारे 3,80,000 वर्षांचे असताना निघालेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपाने येतो. त्यातील ठळक डागांचा खरा आकार गणिताने काढता येतो. आकाशात ते सुमारे 1 अंशाचे दिसतात. विश्व वक्र असते, तर ते याहून मोठे किंवा लहान दिसले असते. ‘प्लांक’ यानाच्या 2018 सालच्या निष्कर्षांना दीर्घिकांच्या मोजणीची जोड दिली, तेव्हा वक्रता शून्याशी जुळली; अनिश्चितता हजारात दोन भागांची. तरी एवढ्यावरून विश्व अनंत ठरत नाही. कागदाची सुरळी केली, तरी त्यावरच्या त्रिकोणाचे कोन बदलत नाहीत.

शब्द बदला, असे माझे म्हणणे नाही. मराठीला हे झेपत नाही, हेही खरे नव्हे. जयंत नारळीकरांनी ‘आकाशाशी जडले नाते’ मराठीतच लिहिले. लेखकाने शब्दाबरोबर त्याचे मापही द्यावे, एवढीच अपेक्षा. त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी सांगितले, “बाळा, चटई माझी चुकली. विश्वाला ‘खाली’ नाही.” कादंबरीवाल्या समीक्षकांनी मात्र आपले माप अजून दाखवलेले नाही.