शिक्का नसलेलं ताट

मागे आपण नमुना कसा निवडतात ते पाहिलं होतं. तोच मुद्दा आज चांदीच्या भांड्यांवरून. मी सध्या सोनईत घरी आहे, चुलतबहिणीचं लग्न तोंडावर आलंय आणि आजीचं चांदीचं ताट मोडीत द्यायचं जवळजवळ ठरलंय.

काकू म्हणाली, "तू एवढं शिकतीस, तर सांग, जुनं म्हणून चार पैसे जास्त येतील का?" मी ताट उलटं केलं. मागे शिक्का नाही. फक्त आजोबांचं नाव घातलेलं.

संग्राहकांच्या जगात हे ताट इथेच बाद होतं. 'स्टर्लिंग' म्हणजे हजारात 925 भाग चांदी. इंग्लंडात तसा सिंहाचा शिक्का असतो, शिवाय शहराचा, वर्षाच्या अक्षराचा आणि कारागिराचा. चमचा उलटा केला की वर्ष कळतं! आपल्याकडे इंग्रजी अमलात असा सक्तीचा कायदा नव्हता. शिक्के मारले ते कलकत्त्याच्या हॅमिल्टन किंवा मद्रासच्या ऑरसारख्या पेढ्यांनी, आणि भुजच्या उमरसी मावजींसारख्या काही कारागिरांनी. अनोळखी, लांबच्या गिऱ्हाइकाला शिक्का लागतो. गावच्या सोनाराला कशाला लागेल? गिऱ्हाईक स्वतःच रुपये आणून द्यायचं, तो ते समोर आटवायचा. 1835 पासूनच्या रुपयात 180 ग्रेनपैकी 165 ग्रेन शुद्ध चांदी, म्हणजे हजारात साधारण 917. स्टर्लिंगच्या जवळ, पण स्टर्लिंग नव्हे. त्यामुळे शिक्का नसलेल्या देशी भांड्याला कुणी बिनधास्त 'स्टर्लिंग' म्हटलं, की विचारा: टंच काढला होता का?

विनयार्ड विल्किन्सन यांचं 'इंडियन कलोनिअल सिल्व्हर' (1973) युरोपीय कारागीर आणि त्यांच्या शिक्क्यांवर आहे. काम चिकाटीचं, तुम्हालाही लागेल. पुढचं 'इंडियन सिल्व्हर 1858–1947' (1999) देशी कामाकडे वळतं. माझी तक्रार त्या नावाशी आहे. अशा पुस्तकांत चहाच्या किटल्या, दुधाची भांडी, कार्डाच्या डब्या भेटतात, कारण त्या साहेबांच्या घरी गेल्या आणि तिथल्या कपाटांत टिकल्या. आपली ताटं-वाट्या, तांब्या-फुलपात्रं दर पिढीला आटली. म्हणजे हा नमुना चांदीकामाचा नाही, न आटलेल्या चांदीचा आहे. विद्या देहेजिया यांनी 2008 च्या पुस्तकाच्या नावातच 'फॉर द राज' घातलं. तीन शब्द, पण मर्यादा कबूल. मला हे जास्त प्रामाणिक वाटतं.

दुसरा घोळ शैलीचा. उठावात देवदेवता दिसल्या की मद्रासचं 'स्वामी' काम म्हणायचं की पुण्याचं? शिक्का नसेल तर शैली बघून गाव ठरतं, आणि मग त्याच वस्तूंवरून त्या गावाची शैली सांगितली जाते. तुमच्या प्रबंधात असं वर्तुळ सापडलं तर मार्गदर्शक सोडणार नाहीत. संग्रहाच्या कॅटलॉगमध्ये मात्र खपतं.

बरं, काकूला काय सांगणार? बाजारात या ताटाला चांदीचाच भाव येईल, हे खरं सांगितलं. मग वजन भरलं, व्यास मोजला, मागच्या नावाचा फोटो काढला. ताट कुणी घडवलं, रुपये कुणाचे होते, हे आत्याला फोनवर विचारून लिहून घेतलं. सोनाराला मोडीच्या पावतीवर टंच लिहायला सांगणार आहे.

काकू म्हणाली, "काढ काय फोटो काढायचे ते. शनिवारी जायचंय सोनाराकडं."